डाय लावायच्या आधी पुंगळी मोजा

रीलोडिंग (उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी परत भरणं) नवीन नवीन चालू केलं तेव्हा मी डायच्या (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) डब्यातल्या चिठ्ठीत लिहिलंय तसंच करायचो, डाय शेल होल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकवायची आणि आणखी पाव फेरा खाली द्यायचा, झालं. पाचव्या फायरिंगला बोल्ट मागे ओढला तर पुंगळीचं नुसतं बूड हातात आलं, बाकीची नळी चेंबरमध्येच अडकलेली. चूक माझीच, दर वेळी खांदा (पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तो उतार) ७-८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे ढकलत होतो आणि मोजत कधीच नव्हतो.

हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथं अडतं तिथपर्यंतचं अंतर. .३०८ विंचेस्टर खांद्यावर अडतं, .३०३ ब्रिटिश रिमवर, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर. .३०८ च्या चेंबरला सामीच्या (SAAMI, काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकन संस्था) मापात १.६३० ते १.६४० इंच चालतं, म्हणजे दोन चांगल्या रायफलींमध्येसुद्धा १० थाऊपर्यंत फरक निघू शकतो, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला तुमची रायफल कुठली ते कसं कळणार? खांदा जास्त मागे गेला की पिन मारल्यावर पुंगळी पुढे सरकते, प्रेशर आलं की पातळ भिंती चेंबरला चिकटतात, जाड बूड मागे बोल्टवर जाऊन टेकतं आणि मधलं पितळ ताणून पातळ होतं.

तर आपल्याच रायफलमधून उडवलेल्या ४-५ पुंगळ्या घ्या. आधी प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) काढा, त्याची कड वर आलेली असली तर माप चुकतं. मग कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर ठरलेल्या जागी टेकणारा जोड) लावून बुडापासून खांद्यापर्यंत मोजा. आलेला आकडा खरं हेडस्पेस नाही, फक्त आधी-नंतर तुलना करायला आहे. एकदाच उडालेली पुंगळी चेंबरभर फुललेली असेलच असं नाही, म्हणून सगळ्यात मोठा आकडा धरा.

आता डाय थोडी वर ठेवून, पुंगळीला ल्यूब लावून साइझ करा, म्हणजे डायमध्ये दाबा, आणि परत मोजा. गंमत म्हणजे आकडा आधी वाढतो! अंग दाबलं जातं म्हणून खांदा पुढे सरकतो, घाबरू नका. डाय अगदी थोडी थोडी खाली घ्या, इंचाला १४ आटे असतात त्यामुळे एका फेऱ्याला ७१ थाऊ होतात, म्हणजे फेऱ्याचा सोळावा भाग फिरवला तरी साडेचार थाऊ गेले. बोल्ट ॲक्शनला उडालेल्या मापापेक्षा १-२ थाऊ कमी, सेमी-ऑटोला ३-४, तिथंच लॉक रिंग आवळा. पितळ कडक झालं की खांदा परत उसळतो, त्यामुळे प्रत्येक बॅचला मोजा. आणि एकाच कॅलिबरच्या दोन रायफली असतील तर पुंगळ्या वेगवेगळ्या डब्यात.

.३०३ वाल्यांनीसुद्धा रिमच्या भरवशावर राहू नये, ती चेंबरं खांद्याकडे बरीच ऐसपैस असतात, पुंगळी एकदा फुलली की पुढे खांद्याच्याच मापाने साइझ करा. नो-गो गेजवर (चेंबर जास्त लांब आहे का ते तपासायचा ठोकळा) बोल्ट बंद होत असेल तर मात्र डायशी खेळत बसू नका, रायफल गनस्मिथला दाखवा.

शेवटची तपासणी पेपरक्लिपने. टोक जरासं वाकवून धार काढा, पुंगळीत घालून बुडाकडून आतल्या भिंतीवरून वर ओढा, बुडाच्या जरा वर खाच लागली किंवा बाहेरून तिथं चकचकीत कडं दिसलं तर ती पुंगळी पक्कडने चेपून टाका, नुसती बाजूला ठेवली तर पुढच्या वेळी तीच परत ट्रेमध्ये सापडते.