दुधाची अ‍ॅलर्जी असेल असं वाटलं, तर बाळासाठी कोणता डबा?

माझी जुळी ३६व्या आठवड्यात झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांना पुरेल इतकं दूध मला येईना, म्हणून डॉक्टरांना विचारून दुसऱ्या आठवड्यापासून पावडरचं दूध वरून सुरू केलं. दोघांना डबा तोच आणि पाणी तेच. मुलगा छान बाळसं धरू लागला. मुलीच्या लंगोटात मात्र सहाव्या आठवड्यात आव दिसली आणि तीन दिवसांनी त्यात रक्ताचे बारीक दोरे. ती पाय पोटाशी घेऊन रडायची आणि गालावर खरखरीत लाल चट्टे उठायचे.

कोल्हापूर जिल्ह्यातलं आमचं घर, दारात चार म्हशी. दूध एखाद्या लेकराला बाधतं हे घरात कुणाला पटेचना. त्या महिन्यात आम्ही घाबरून एकामागून एक तीन डबे बदलले. तिला त्रास झाला आणि आम्हाला काहीच कळलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

डबा बदलण्याआधी बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शीमध्ये रक्त दिसण्याची कारणं बरीच असतात: गुदद्वाराला चीर, जंतुसंसर्ग, आईच्या स्तनाग्राला भेग पडून बाळाच्या पोटात गेलेलं रक्त. बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, उलटी हिरवी होत असेल किंवा शी लाल जेलीसारखी दिसत असेल, तर आतडं आतड्यात सरकलेलं असू शकतं. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. दूध पाजल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांध्या उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली किंवा बाळ पांढरंफटक आणि लुळं पडलं, तर १०८ला फोन करा. अशा बाळाला ते दूध घरी पुन्हा कधीही 'देऊन बघायचं' नाही.

आमच्या मुलीचा प्रकार सावकाश होणारा होता. काही तासांनी, कधी दोन दिवसांनी लक्षणं दिसायची. या प्रकारात रक्ताची किंवा त्वचेवरची अ‍ॅलर्जी-चाचणी बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही, त्यामुळे चाचणी कोरी आली म्हणजे अ‍ॅलर्जी नाही असा अर्थ काढू नका. निदान होतं ते दूध बंद करून, वाट पाहून आणि मग पुन्हा देऊन. म्हणूनच वही ठेवा. किती वाजता, कोणतं दूध, किती मिली, शी कशी, उलटी किती, चट्टे कुठे. लंगोटाचा फोटो काढून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी माझं बोलणं ऐकण्याआधी वहीच मागितली होती.

आता डब्याकडे येऊ. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. मला हा कायदा मोलाचा वाटतो. डबा हातात घेतला की उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. त्यात एकच गोष्ट शोधायची: दुधाचं प्रथिन कोणत्या रूपात आहे?

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाचं शरीर त्या माळेचे ठरावीक तुकडे ओळखतं आणि बिथरतं. साध्या डब्यात अख्खी माळ असते. 'पार्शली हायड्रोलाइज्ड' किंवा 'एचए' लिहिलेल्या डब्यात माळेचे मोठे तुकडे असतात. शरीर तेही ओळखतं, म्हणून अ‍ॅलर्जीवर तो डबा उपयोगाचा नाही. 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' म्हणजे माळ तोडून अगदी दोन-चार मण्यांवर आणलेली. बहुतेक बाळांसाठी हाच पहिला पर्याय, दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त बाळांना तो मानवतो. 'अमिनो अ‍ॅसिड'चा डबा म्हणजे सुटे मणी, माळ नाहीच. आधीच्या डब्यावर लक्षणं थांबली नाहीत, वजन वाढत नसेल किंवा श्वासापर्यंत गेलेली तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली असेल, तर डॉक्टर तो लिहून देतात.

आम्ही पहिला चुकीचा डबा घेतला तो 'लॅक्टोज फ्री'. दुकानदाराने काळजीनेच दिला होता. पण लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि अ‍ॅलर्जी असते प्रथिनाची. त्या डब्यात प्रथिनाची माळ जशीच्या तशी होती. जन्मतःच लॅक्टोज न पचणारी बाळं अगदी विरळ असतात, तरी आपल्याकडे रडणाऱ्या प्रत्येक बाळाच्या हातात हा डबा येतो. दुसरा होता सोयाचा. तो सहा महिन्यांखालच्या बाळाला सहसा देत नाहीत, आणि गाईचं दूध बाधणाऱ्या काही बाळांना सोयाही बाधतो. तिसरा 'एचए'चा.

मग सासूबाई म्हणाल्या, "शेळीचं आणू या, तान्ह्या लेकराला ते हलकं." त्यांची माया खरी होती. पण गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईचं बाधणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीचंही बाधतं. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी. मी त्यांना दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांनाच समजावलं आणि त्यानंतर घरात तिच्या दुधावर सगळ्यात कडक पहारा त्यांचाच होता. बदामाचं, नारळाचं, ओट्सचं पेय बाळाचं दूध म्हणून अजिबात नको, त्यावर बाळाचं पोषण होत नाही.

अंगावरचं दूध चालू असेल तर तोडू नका. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला अशी शंका असेल तर बहुधा डब्याची गरजच नसते, आईने दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ सोडून बघायचं. माझं दूध मी आधी मुलीला पाजायला लागले आणि मुलाला साधा डबा जास्त दिला. त्यासाठी चहातलं दूध, दही, ताक, तूप सगळं सोडलं. बाळंतिणीच्या खाण्यात तूप कुठे कुठे लपलेलं असतं ते तेव्हा कळलं: डिंकाच्या लाडवात, मेथीच्या लाडवात, शिऱ्यात, फोडणीतसुद्धा. अळिवाची खीर बंद केली, अळिवाचे लाडू ओलं खोबरं आणि गूळ घालून केले. नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी रोज खाल्ली, तरी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्याच लागल्या.

मुलीला शेवटी सुरू केलेला 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' हा विशेष डबा साध्यापेक्षा कितीतरी पट महाग असतो, म्हणून हिशोब आधी करा. फक्त डब्यावर असलेलं ५ किलोचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं. त्याला जवळपास १०० ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो आणि महिन्याला सात-आठ डबे होतात. माझं दूध मुलीसाठी राखल्याने आम्हाला दोन-तीन पुरले. आमच्या तालुक्याला हा डबा मिळेना, कोल्हापुरातून मागवावा लागायचा, म्हणून एक डबा कायम शिलकीत ठेवला. पण पहिल्यांदा एकच घ्या. बाळाला मानवतोय का ते आधी बघा.

डब्यावर हिरवा ठिपका बघून दूध नसेल असं समजू नका, तो शाकाहाराचा आहे आणि दूध त्यात बसतं. उलट 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' डब्यावर दुधाचा उल्लेख दिसला तर घाबरू नका, तो दुधापासूनच बनतो.

या पावडरीला उग्र वास असतो आणि चव कडवट. माझी मुलगी पहिले दोन दिवस तोंड फिरवायची. मी साखर घातली नाही. भूक लागलेली असताना थोडं थोडं, वाटी-चमच्याने देत राहिले, तिसऱ्या दिवशी ती प्यायली. शी हिरवट आणि सैल होते, ते या दुधाने होतंच.

पाणी खळखळून उकळा, अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर मिसळा, मग भांडं थंड पाण्यात धरून कोमट करा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश लागतं. काही डब्यांत जिवंत जिवाणू घातलेले असतात, तिथे डब्यावरची सूचना पाळा. माप त्याच डब्यातलं, सपाट केलेलं. प्रत्येक डब्याचं प्रमाण वेगळं असतं. डबा परवडत नाही म्हणून पातळ करू नका. परवडत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

आमच्याकडे दोन डबे, दोन बाळं, म्हणजे अदलाबदलीचा धोका. मुलीच्या वाटी-चमच्याला लाल दोरा बांधला, तिचा डबा वेगळ्या फळीवर ठेवला आणि रात्रीच्या पाळीला दिवा लावल्याशिवाय दूध करायचं नाही असं ठरवलं.

एक डबा सुरू केला की दोन ते चार आठवडे दुसरं काही बदलायचं नाही. मुलीचं रक्त पाचव्या दिवशी थांबलं, चट्टे जायला तीन आठवडे लागले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता साधा डबा पुन्हा द्या. माझे हात थरथरले. पण ही पायरी गाळली तर अ‍ॅलर्जी होती की ते आपोआप थांबलं हे कळत नाही, आणि लेकरू वर्षभर विनाकारण पथ्यावर राहतं. तिचा प्रकार सौम्य आणि सावकाश होणारा, म्हणून आम्हाला घरी करायची परवानगी मिळाली. तिसऱ्या दिवशी लंगोटात पुन्हा लाल दोरा दिसला. वहीत वेळ लिहिली, फोटो काढला, डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दुपारी लाल दोऱ्याच्या वाटीत तिचं जुनं कडवट दूध केलं.