आजी एकट्या निघाल्या की चुकामूक कशी टाळावी

म्हातारं माणूस एकटं निघालं की काळजी असते ती गाडी चुकण्याची. खरा गोंधळ होतो तो उतरल्यावर. पाठवणाऱ्या लेकाने एक सांगितलेलं असतं, घ्यायला येणाऱ्या जावयाने दुसरंच धरलेलं असतं, आणि आजी दोघांचंही ऐकून तिसरीकडे उतरतात. म्हणून प्रवास ठरला की पहिलं काम हे: सगळं ठरवणारा माणूस एकच. बाकीच्यांनी आजींना परस्पर काही सांगायचं नाही, 'तिथं नको, इथंच उतरा' असंही नाही.

उतरायची जागा गावाच्या नव्हे, थांब्याच्या नावाने ठरवा. जिंतूरहून निघालेल्या आजींना 'औरंगाबादला उतरा' एवढंच सांगितलं तर ते अर्धवट आहे. जालन्याकडून येणाऱ्या बऱ्याच बस आधी सिडको बसस्थानकात थांबतात, मग मध्यवर्ती बसस्थानकात जातात. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे रिक्षावाले. आजींना वाटतं, आलं आपलं. त्यातून पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर असतं आणि जुन्या तोंडी औरंगाबादच बसलेलं. धाराशिव-उस्मानाबादचंही तेच. थोडं वाचता येणाऱ्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा, की दोन्ही नावांचं गाव एकच. पुण्याची बस असेल तर आणखी जपा: शिवाजीनगरचं बसस्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं, आणि जुनी माणसं अजून जुन्याच जागेच्या खुणा सांगतात.

रेल्वेत दोन जागी हमखास फसगत होते. लातूर आणि लातूर रोड ही वेगळी स्टेशनं आहेत. लातूर रोड चाकूरच्या बाजूला, लातूर शहरापासून बरंच लांब. घ्यायला जाणाऱ्याने तिकिटावरचं नाव स्वतः वाचावं. दुसरं, मध्यरात्रीची गाडी. रात्री १२:२० च्या गाडीचं तिकीट १५ तारखेचं असेल तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्री जेवण करूनच निघायचं. १५ च्या रात्री पोचलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. उतरायची वेळ मध्यरात्रीनंतरची असेल तेव्हा घ्यायला येणाऱ्यांचा हाच हिशेब चुकतो.

आता चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, जाड पेनाने मोठी अक्षरं, पाचच ओळी:

जिंतूरहून निघाले.
सिडको बसस्थानकात उतरायचं. मध्यवर्तीला नाही.
घ्यायला नातू येणार, चौकशी खिडकीपाशी.
फोन: नातवाचा, खाली लेकाचा.
रोजची औषधं: बीपी, साखर.

दोन प्रती करा. एक कमरेच्या पिशवीत, दुसरी सामानाच्या पिशवीत. एकच असली की ती नेमकी वर रॅकवर राहते. साधा बटणाचा फोन असेल तर २ हे बटण दाबून धरलं की नातवाला लागेल असं करून ठेवा आणि निघण्याआधी आजींच्याच हाताने एकदा लावून बघा. फोन पूर्ण चार्ज, रिंग मोठी. पैसे दहा-वीसच्या नोटांत, दोन ठिकाणी.

आधार कार्ड मूळ द्या. वय ७५ च्या पुढे असेल तर एसटीचा प्रवास मोफत आहे, पण शून्य रुपयांचं तिकीट घ्यावंच लागतं, आणि ते उतरेपर्यंत जपायचं. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. उदगीरहून बिदरला जाताना पुढचे पैसे पडतात.

बसवून देणाऱ्याने खिडकीतून हात हलवून निघू नये. कंडक्टरला जागा आणि थांबा सांगावा, शेजारच्या प्रवाशालाही सांगावं, आणि गाडीच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीच्या मागे लिहून आजींना द्यावेत. कारण जालन्याला गाडी थांबते, आजी लघवीला उतरतात, आणि परत येऊन बघतात तर लाल गाड्या ओळीने उभ्या. पाटी दिसत नाही, ड्रायव्हर चहाला गेलेला. चार आकडे असले की कुणीही गाडी दाखवतं. हाच नंबर आणि सुटल्याची वेळ घ्यायला येणाऱ्यालाही लगेच कळवा. जालना सुटलं की फोन घरच्यांनी करावा, आजींवर सोडू नये. पुढे बदनापूर, करमाड, चिकलठाणा, मग सिडको. हा क्रम आजींना पाठ असावा.

एवढं करूनही चुकामूक झालीच तर नियम एक: आजींनी जिथे उतरल्या तिथून हलायचं नाही. शोधणाऱ्यांनी फिरायचं. हे निघण्याआधीच ठरलेलं असावं, नाहीतर दोघंही एकमेकांना शोधत रिक्षाने उलटसुलट जातात.

सगळ्या नातेवाइकांनी एकदम फोन लावू नयेत. पाच जण लावत बसले की फोन सारखा एंगेज लागतो आणि बॅटरी उतरते. एकानेच लावावा, दोन फोनमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. दुसऱ्याने कंट्रोलरच्या खिडकीवर जाऊन गाडी कुठली, किती वाजता सुटली, नंबर काय ते सांगावं. गाडी येऊन गेली की यायची आहे, हे तिथे कळतं. आजींच्या नावाचा पुकाराही करून घ्यावा. तिसऱ्याने लगेच दुसरं बसस्थानक गाठावं. रेल्वेत असाल तर १३९ वर फोन करा, डबा आणि बर्थचा नंबर हाताशी ठेवून.

अर्ध्या तासात पत्ता लागला नाही तर ११२ लावा. चोवीस तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. सांगताना वय, लुगड्याचा रंग, चष्मा-काठी आणि शेवटचं कुठे बोलणं झालं ते सांगा. फोटो त्या दिवशीचाच हवा, म्हणून बसमध्ये बसवतानाच एक काढून ठेवा.

आजी भेटल्या की पहिला फोन जिंतूरला. नाहीतर इकडे चहा होतो आणि तिकडून तोवर कुणीतरी शोधायला गाडी काढलेली असते.