स्तन काढल्यानंतरचे किरणोपचार : सीमाभागातील कुटुंबांनी तयारी कशी करावी

स्तनकर्करोगात स्तन पूर्ण काढल्यावर बहुतेक घरांत एकच भावना असते, की गाठ गेली आणि आजार संपला. म्हणूनच काही आठवड्यांनी डॉक्टर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात ते, सुचवतात तेव्हा घरचे गोंधळून जातात. जे काढून टाकले त्या जागी आता कसला उपचार, असा त्यांचा प्रश्न असतो. शस्त्रक्रियेने हाताला लागणारी गाठ निघते. परंतु छातीच्या त्वचेत, टाक्यांच्या रेषेत, काखेत किंवा गळ्याच्या हाडामागच्या ग्रंथींत काही पेशी मागे राहिलेल्या असू शकतात आणि त्या कोणत्याही तपासणीत दिसत नाहीत. किरणोपचार त्यांच्यासाठी असतात.

ते प्रत्येकीला लागत नाहीत, म्हणून सुरुवात शस्त्रक्रियेनंतरच्या बायोप्सी रिपोर्टपासून करावी. काखेतील किती ग्रंथी काढल्या आणि त्यांपैकी कितींमध्ये रोग आढळला, गाठ किती सेंटिमीटरची होती, ती त्वचेपर्यंत किंवा छातीच्या भिंतीपर्यंत गेली होती का आणि कापलेल्या कडेला रोग होता का, हे चार मुद्दे डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असेल, गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा त्वचा वा छातीची भिंत बाधित असेल, तर किरणोपचार सहसा सुचवले जातात. एक ते तीन ग्रंथी बाधित असतील तर निर्णय वय, गाठीचा प्रकार आणि इतर बाबी पाहून होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२ चाचण्यांतील ८,१३५ स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासात या गटालाही लाभ दिसला होता, तर ग्रंथी पूर्ण साफ असलेल्या स्त्रियांना तो दिसला नव्हता. ज्यांना केमो, म्हणजे कर्करोगाची औषधे, आधी देऊन मग शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी केमोपूर्वीचे रिपोर्ट जपून ठेवावेत, कारण नंतरचा रिपोर्ट चांगला आला तरी मुळात रोग किती होता हेही या निर्णयात धरले जाते.

उपचार किती दिवसांचा, हा दुसरा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. जुनी पद्धत ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा २५ दिवसांत, म्हणजे पाच आठवड्यांत देण्याची आहे. अनेक ठिकाणी आता ४० ग्रे १५ दिवसांत, म्हणजे तीन आठवड्यांत देतात. सोमवार ते शुक्रवार रोज जावे लागत असल्याने खानापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून येणाऱ्या बाईसाठी दहा फेऱ्यांचा हा फरक फार मोठा असतो. लहान वेळापत्रक आपल्याला चालेल का, हे विचारण्यात संकोच करू नये.

कोठे जायचे, याबाबत माझे मत स्पष्ट आहे : जेथे रोज न चुकता पोहोचता येईल तेच ठिकाण आपल्यासाठी योग्य. बेळगाव, हुबळी, मिरज आणि कोल्हापूर या चारही शहरांत कर्करोग उपचाराची सोय आहे. निपाणीच्या कुटुंबाला कोल्हापूर, अथणी किंवा रायबागच्या कुटुंबाला मिरज आणि खानापूरकरांना बेळगाव सोयीचे पडते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा बेंगळुरूच्या किदवई संस्थेत सल्ला जरूर घ्यावा, पण अनोळखी शहरात महिनाभर खोली घेऊन राहण्यापूर्वी ‘हेच उपचार आमच्याजवळ घेता येतील का’ असे तेथील डॉक्टरांनाच विचारावे.

रुग्णालय ठरवण्याआधी योजनेचा हिशेब करावा, कारण सीमा येथेच आडवी येते. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, तर एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के भाग मिळतो. खासगी रुग्णालयात जायचे असल्यास सहसा सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते. ते आधीच घ्यावे. महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांतील मराठीभाषकांसाठी लागू करण्याचा निर्णय घेतला आहे. आपले गाव त्या यादीत आहे का आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे मिरज किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून, उपचार सुरू होण्यापूर्वी पक्के करून घ्यावे. प्रवासाचेही असेच आहे. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून राज्यांतर्गत प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे बेळगाव-हुबळीच्या फेऱ्यांचा रुग्णाचा खर्च वाचतो. कोल्हापूरच्या फेऱ्यांचा खर्च मात्र धरून चालावे. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला उपचारासाठी सवलत असते. तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो.

आता खांद्याविषयी, कारण याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. उपचाराच्या वेळी हात डोक्यावर नेऊन स्थिर पडून राहावे लागते. माझ्या वहिनी शस्त्रक्रियेनंतर हात अंगाशी धरूनच वावरत. हलवला तर टाके उसवतील अशी भीती घरातल्या सर्वांनीच त्यांच्या मनात घातली होती. नियोजनाच्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना, आम्ही परत आलो आणि व्यायाम करण्यात दोन आठवडे गेले. म्हणून शस्त्रक्रियेच्या जागी साचणारे पाणी बाहेर काढण्यासाठी बसवलेली नळी काढल्यावर डॉक्टरांची परवानगी घेऊन भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम रोज दोन-तीन वेळा करावा आणि भिंतीवर खडूने खूण करून बोटे किती वर गेली हे पाहत राहावे. केमो नसल्यास शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी, केमो असल्यास शेवटच्या डोसनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी किरणोपचार सुरू होतात. खांदा मोकळा करायला एवढाच वेळ हातात असतो.

नियोजनाच्या दिवशी सीटी स्कॅन होतो आणि त्वचेवर शाईच्या किंवा टाचणीच्या टोकाएवढ्या गोंदणाच्या खुणा करतात. शाईच्या खुणा पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवू नयेत, तंत्रज्ञांना सांगावे. डावी बाजू असेल तर हृदय किरणांच्या वाटेतून दूर ठेवण्यासाठी श्वास खोल घेऊन रोखण्याची पद्धत काही केंद्रांत वापरतात. ती उपलब्ध आहे का, हे विचारावे आणि असल्यास घरी सराव करावा. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. मंगळसूत्र रोज काढून ठेवावे लागते. एखादीला ते जड जाते, म्हणून घरातील वडीलधाऱ्या बाईने आदल्या दिवशीच तिला समजावून धीर द्यावा.

प्रत्यक्ष उपचाराला काही मिनिटेच लागतात आणि त्या वेळी दुखत नाही. बाहेरून दिलेल्या या किरणांनी शरीर किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे नातवंडांना जवळ घेण्यात, एका ताटात जेवण्यात कोणताही धोका नाही. ताट-अंथरूण वेगळे केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्या बाईला आजाराइतकेच दुःख त्याचेही होते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्वचा लाल किंवा काळसर होऊ लागते, कधी सोलवटते, आणि उपचार संपल्यावर आठवडा-दोन आठवडे हा त्रास वाढूही शकतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा, चोळू नये, मऊ कापडाने टिपून घ्यावे. हळद, उटणे, चंदन, पावडर, गरम पाण्याची पिशवी यांपैकी काहीही त्या जागी लावू नये. मधे दिवाळी आली तर अभ्यंगस्नानातून तेवढा भाग वगळावा. मलम डॉक्टर सांगतील तेच लावावे. घट्ट ब्लाउजऐवजी सैल सुती कुर्ता किंवा घरातील जुना सुती शर्ट घालावा. गळ्याकडच्या भागावर किरण असतील तर गिळताना घसा खवखवतो. तेव्हा मऊ भात, ताक, आमटीत चुरलेली भाकरी बरी पडते. तिखट टाळावे आणि मिश्री तर पूर्ण बंद करावी. काढे किंवा चूर्ण चालू असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. गर्भधारणा या काळात होऊ देऊ नये.

थकवा येतोच, आणि तो आळस समजला जाऊ नये एवढी जबाबदारी घरच्यांची आहे. तरीही सर्वांत मोठी चूक मधेच उपचार सोडण्याची. ऊसतोडणी, घरचे लग्न, सौंदत्तीची यात्रा, बरे वाटू लागणे, यांपैकी कोणत्याही कारणाने खंड पडला तर राहिलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो आणि दिलेल्या मात्रेचा प्रभाव कमी होतो. यंत्र बंद पडून दिवस चुकला तर तो कसा भरून काढणार, हे त्याच दिवशी विचारावे. तारखा ठरल्यावर घरातील कामाची, गोठ्याची आणि सोबतीला जाणाऱ्या माणसाची पाळी कागदावर लिहून काढावी, असा माझा आग्रह आहे.

उपचार संपल्यावरही शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात जपावा लागतो. उसाच्या पातीने कापले, विळा लागला, तर जखम लगेच धुवावी. शेतात जाताना पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजा घालावा. सुई आणि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो दुसऱ्या हाताला लावून घ्यावा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि हळूहळू सूज वाढत असल्यास फिजिओथेरपिस्टकडे जावे. पुढील काही महिन्यांत कोरडा खोकला किंवा दम लागल्यास सर्दी समजून थांबू नये. तो फुप्फुसावरील किरणांचा परिणाम असू शकतो. त्यावर औषध आहे, मात्र छातीला किरण दिल्याचे डॉक्टरांना सांगावे लागते. म्हणून शेवटच्या दिवशी रुग्णालय सोडण्यापूर्वी एकूण मात्रा, दिवस आणि कोणत्या भागावर किरण दिले हे लिहिलेला उपचाराचा सारांश मागून घ्यावा, त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक फाइलमध्ये आणि एक घरातील दुसऱ्या माणसाकडे ठेवावी.