पार्किंगमध्ये उड्या मारणारी डब्ल्यूआरएक्स
मेलबर्नमध्ये माझी २००४ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे, पाच गिअरची, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी. लांबून आल्यावर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी उड्या मारायची, जणू हँडब्रेक ओढलेला. थंड असताना काहीच नाही! एका गॅरेजने क्लच बदला म्हणून सांगितलं. मला पटेना. टायरांचा घेर टेपने मोजला: पुढचे नवे, मागचे झिजलेले, फरक तब्बल १८ मिमी, खरं तर तो ६ मिमीच्या आत असायला हवा. त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या मधल्या डिफरेन्शियलचं व्हिस्कस कपलिंग (दाट द्रव भरलेला, वेगातला फरक आवरणारा भाग) तापून तापून आवळलं होतं. गिअरबॉक्स न उतरवता त्याचं मागचं हाउसिंग (कवच) काढून कपलिंग बदललं, ७५डब्ल्यू-९० तेल साडेतीन लिटर भरलं, चारही टायर नवे घातले. काल दोन तास चालवून आलो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं; गाडी निमूट वळली.