नवं चॅनेल सुरू करताय? होर्डिंग लावण्याआधी या चुका टाळा

नवं चॅनेल चाललं नाही की पहिला दोष मालिकांवर जातो. लेखक बदलतात, नायिका बदलते, सासूला तुरुंगातून सोडवून आणतात. पण बहुतेक वेळा दुखणं वेगळंच असतं. जाहिरात आधी गावात पोहोचलेली असते आणि चॅनेल अजून पोहोचलेलंच नसतं.

बार्शीच्या एसटी स्टँडवर मोठं होर्डिंग लागतं, ‘सोमवारपासून रात्री 8 वाजता’. सोमवारी घरातली बाई जेवणं लवकर उरकून रिमोट हातात घेते. शंभर नंबर पुढे, शंभर मागे, चॅनेल काही सापडत नाही. केबलवाल्याला फोन केला की तो म्हणतो, “ताई, वरून आलं नाही अजून.” मंगळवारी ती पुन्हा शोधत बसत नाही. तिच्या आठ वाजताच्या वेळेवर दुसऱ्या चॅनेलची मालिका आहेच. हा प्रेक्षक तुम्ही पैसे खर्च करून मिळवला होता आणि एकाच संध्याकाळी घालवला.

‘करार झाला’ म्हणजे ‘दिसतंय’ नव्हे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून हिच्यावर जरा थांबू या.

ट्राय, म्हणजे केबल-डीटीएचचे नियम ठरवणारी सरकारी संस्था, तिची नवी दरपद्धत 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाली. तेव्हापासून प्रेक्षक निवडेल किंवा त्याच्या पॅकमध्ये असेल तेवढंच चॅनेल त्याच्या घरी दिसतं. त्यामुळे वितरणाच्या माणसाने “अमुक ऑपरेटरचं (केबल किंवा डीटीएच कंपनीचं) झालं” असं सांगितलं की तीन प्रश्न लगेच विचारा. सिग्नल त्यांच्या हेडएंडवरून, म्हणजे जिथून तो घरोघरी सोडला जातो त्या केंद्रावरून, खरंच निघतोय का? चॅनेल कोणत्या पॅकमध्ये टाकलंय? आणि कितव्या नंबरवर? मराठी मनोरंजनाच्या रांगेत नंबर मिळाला तर लोक सहज अडखळत तुमच्यावर येतात. रांगेच्या शेवटी, भक्तीच्या चॅनेलांच्या शेजारी बसलात तर कोणी चुकूनही येत नाही.

कॅरेज फीचा हिशेबही आधी मांडा. ही म्हणजे चॅनेल दाखवण्याबद्दल ऑपरेटरला द्यायची रक्कम, आणि तिची वरची मर्यादा ट्रायने ठरवलेली असते. त्या ऑपरेटरकडचे जसजसे जास्त ग्राहक चॅनेल घेतात तसतशी ती टप्प्याटप्प्याने उतरते आणि 20 टक्क्यांवर गेलं की द्यावीच लागत नाही. म्हणून पुण्यातल्या एका मोठ्या होर्डिंगपेक्षा एखाद्या ऑपरेटरच्या ग्राहकांना ‘हे चॅनेल असं चालू करा’ हे नीट समजावणारी पट्टी कित्येकदा जास्त पैसे वाचवते. जाहिरातीत नुसतं चॅनेलचं नाव देऊ नका. टाटा प्लेवर कितवा नंबर, एअरटेलवर कितवा, डिश टीव्हीवर कितवा, हे ठसठशीत छापा. प्रत्येक जिल्ह्याच्या आवृत्तीत तिथल्या मोठ्या केबल ऑपरेटरचा नंबर द्या. थोडं कटकटीचं आहे, पण करा.

तपासायचं कसं? मुंबईच्या ऑफिसात बसून नाही. लाँचच्या आठवडाभर आधी लातूर, जळगाव, अमरावती, रत्नागिरी अशा ठिकाणी माणूस पाठवा आणि खऱ्या घरांतले सेट टॉप बॉक्स लावून बघा. ऑपरेटरच्या ऑफिसातला टीव्ही धरू नका, तिथे सगळंच दिसतं. ज्या जिल्ह्यात निम्म्या घरांतही चॅनेल सापडत नाही तिथली होर्डिंग पुढे ढकला.

फ्री डिश हवं आणि वर्गणीही हवी

डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा, ग्रामीण महाराष्ट्रात मोठा आधार आहे. दरमहा पैसे भरायचे नसल्याने शेतातल्या घरांवरही त्याच्या छत्र्या दिसतात. पण तिथली जागा लिलावात घ्यावी लागते, आणि ट्रायच्या जुलै 2024 च्या दुरुस्तीने एक पळवाट बंद केली. फ्री डिशवर फुकट असलेलं चॅनेल बाकी सगळ्या ऑपरेटरांकडेही फ्री-टू-एअरच, म्हणजे बिनवर्गणीचंच, ठेवावं लागतं. म्हणजे वर्गणीचं उत्पन्न सोडून पूर्णपणे जाहिरातींवर जगायची तयारी लागते. व्यवसायाचा आराखडा लिहितानाच हा निर्णय घ्या. लाँचनंतर सहा महिन्यांनी ‘चला, फ्री डिशवरही जाऊ’ म्हटलं की वर्गणीचे सगळे करार नव्याने करावे लागतात.

परवानगीबद्दल थोडक्यात. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनोरंजनाच्या पहिल्या चॅनेलसाठी कंपनीची नक्त मालमत्ता 5 कोटी आणि वृत्तवाहिनीसाठी 20 कोटी लागते. नाव आणि लोगो याच परवानगीला बांधलेले असतात. मार्केटिंगवाल्यांना शेवटच्या महिन्यात सुचलेलं ‘झकास’ नाव सहज बदलता येत नाही.

प्रोमो कुठे दाखवणार?

मोठ्या समूहाचं नवं चॅनेल आलं की त्याच समूहाच्या पाच-सहा चॅनेलांवर त्याचे प्रोमो सुरू होतात. एकट्या चॅनेलला हा आधार नसतो, आणि प्रतिस्पर्धी तुमची जाहिरात घेत नाहीत. मग वृत्तवाहिन्या, वर्तमानपत्रं, रेडिओ, थिएटर हे मार्ग उरतात. स्वतःच्या चॅनेलवरही मोकळं रान नाही. केबल नियमांप्रमाणे तासाला 12 मिनिटं जाहिरात चालते, त्यात 10 मिनिटं व्यावसायिक आणि 2 मिनिटं स्वतःच्या प्रोमोंची. त्या दोन मिनिटांत सहा मालिकांचे तुकडे कोंबले तर एकही लक्षात राहत नाही. पहिल्या महिन्यात एकाच मालिकेवर जोर द्या. बाकीच्या तिच्या मागून येतात.

टीव्हीचा हक्क म्हणजे ॲपचा हक्क नव्हे

रविवारी दुपारी बाराला मोठा सिनेमा लागतो. टीव्हीवर तो सुरू होतो आणि ॲपच्या लाइव्हवर काळा पडदा येतो, ‘हा कार्यक्रम उपलब्ध नाही’. कारण सिनेमाचे सॅटेलाइट (टीव्हीवर दाखवायचे) हक्क तुमचे असतात, पण डिजिटल हक्क निर्मात्याने कधीच दुसऱ्याला विकलेले असतात. तेच प्रोमोखाली टाकलेल्या गाजलेल्या गाण्याचं. टीव्हीवर ते चालून जातं आणि यूट्यूबवर संगीत कंपनीचा दावा येतो. मग व्हिडिओ अडतो किंवा त्याचे पैसे त्यांच्याकडे जातात. उपाय साधा आहे. एफपीसीच्या, म्हणजे चॅनेलच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकाच्या, प्रत्येक ओळीपुढे टीव्ही, ॲप, यूट्यूब असे तीन रकाने करा आणि कायदा विभागाची सही आल्याशिवाय रकाना भरू नका.

क्लिपबद्दल माझं ठाम मत आहे. रोजच्या मालिकेतला तीन मिनिटांचा प्रसंग यूट्यूबवर टाकला तर तो फक्त आधीच मालिका बघणाऱ्याला कळतो. सोनी मराठीच्या विनोदी प्रहसनांचे तुकडे घराघरांत फिरले कारण प्रत्येक प्रहसन स्वतःत पूर्ण होतं. लाँचच्या आखणीत असा एक तरी कार्यक्रम ठेवाच. बेळगाव, इंदूर, बडोद्याचा किंवा दुबईतला मराठी माणूस तुम्हाला याच वाटेने भेटतो. त्याच्या पॅकमध्ये तुमचं चॅनेल बहुधा नसतं.

आकडा वाचताना होणारी घाई

कोणतं चॅनेल किती बघितलं जातं हे मोजणारी संस्था म्हणजे बार्क. तिचा आठवडा शनिवारी सुरू होतो, शुक्रवारी संपतो, आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. सोमवारी सुरू झालेल्या चॅनेलचा पहिला आकडा दहा दिवसांनी हाती लागतो, तोही अर्धवट आठवड्याचा. त्यावरून मालिकेचं कथानक बदलायला बसू नका.

आकडा शून्याजवळ आला तर आधी इंजिनिअरला बोलवा, लेखकाला नंतर. बार्कची मोजणी चॅनेलच्या आवाजात मिसळलेल्या वॉटरमार्कवर, म्हणजे छुप्या खुणेवर, चालते. कान तो ऐकत नाही, निवडक घरांत बसवलेला बार्कचा मीटर ऐकतो. प्रसारणाच्या मुख्य यंत्रसाखळीत वॉटरमार्कचं यंत्र आहे पण बॅकअप साखळीत ते बसवलेलं नाही, अशा स्थितीत प्रसारण बॅकअपवर गेलं तर लोक बघत असूनही मोजणीत काहीच येत नाही. दोन्ही साखळ्या लाँचआधी तपासून घ्या.

वॉटरमार्क ठीक असेल तर आकड्याचे दोन भाग करा, किती लोक आले आणि किती वेळ थांबले. कमी लोक आले पण आलेले थांबले, तर मालिकेला हात लावू नका. वितरण आणि जाहिरात सुधारा. भरपूर आले आणि दोन मिनिटांत गेले, तर मात्र लेखकांच्या खोलीत जा. या दोन दुखण्यांची औषधं उलट आहेत आणि घाबरलेली टीम हटकून चुकीचं औषध देते. लँडिंग पेजवर, म्हणजे बॉक्स सुरू होताच दिसणाऱ्या जागेवर, पैसे टाकून आकडा फुगवायचा मोहही टाळा. अशी कृत्रिम उसळी गाळायची पद्धत बार्ककडे आहे. ती गाळली नाही, तरी तो आलेला माणूस तुमच्यासाठी आलेला नसतो.

सगळा दारूगोळा पहिल्याच दिवशी

स्टार प्रवाह सुरू झालं 24 नोव्हेंबर 2008 ला, सोमवारी. बुधवारी रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्र फक्त बातम्या बघत होता. असं काही कोणाच्याच हातात नसतं. आयपीएल, परीक्षा, गणपतीतल्या आरत्यांच्या संध्याकाळी मात्र कॅलेंडरवर आधीच दिसतात, त्या टाळता येतात. याच चॅनेलला पहिल्या क्रमांकावर यायला सुमारे बारा वर्षं लागली, तेही मागे मोठा समूह असताना.

म्हणून प्रसिद्धीच्या पैशांतला निदान तिसरा भाग लाँचनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यासाठी बाजूला काढून ठेवा. तोवर कोणत्या जिल्ह्यात चॅनेल खरंच दिसतंय आणि कोणत्या मालिकेवर लोक थांबतायत हे कळलेलं असतं. बार्शीत केबलवाल्याने चॅनेल पॅकमध्ये टाकलं की तिथलं होर्डिंग पुन्हा लावा, या वेळी नंबरासकट.