‘ध’चा ‘मा’ कुठे झाला? अमेरिकी निवडणुकीतल्या घोटाळ्याची बातमी कशी तपासावी

अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आणि प्रकरणं बाहेर पडण्याचा हंगाम त्याआधीचा ऑक्टोबर. त्या महिन्यात रिपब्लिकनांकडे झुकणारी फॉक्स वाहिनी लावा आणि मग डेमोक्रॅटांकडे झुकणारी एमएसएनबीसी (२०२५ पासून तिचं नाव ‘एमएस नाऊ’), एकाच प्रकरणाच्या दोन वेगळ्या बातम्या ऐकू येतात. दोन्हींची सरासरी काढून सत्य हाती लागत नाही. धडधडीत खोटं तसं कमीच असतं. बहुतेक वेळा क्रियापद तेवढं बदललेलं असतं. ते कोणत्या टप्प्यावर बदललं, हे शोधायला वही, पेन आणि तास-दीड तास पुरे.

१. आधी मूळ कागद

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: कागदातलं क्रियापद, मथळ्यातलं क्रियापद, चर्चेतलं क्रियापद. पहिला रकाना भरल्याशिवाय एकही बातमी उघडू नका. मथळा आधी वाचला की कागदातही तोच दिसायला लागतो.

सरावासाठी २८ ऑक्टोबर २०१६ चं पत्र घ्या. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी ते अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समित्यांच्या अध्यक्षांना पाठवलं, तेव्हा मतदानाला ११ दिवस होते. पत्र जेमतेम तीन परिच्छेदांचं. दुसऱ्याच एका प्रकरणात काही ईमेल असल्याचं कळलं आहे, ते डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या खासगी ईमेल सर्व्हरच्या तपासाशी संबंधित ‘दिसतात’, त्यांना महत्त्व आहे की नाही हे अजून सांगता येत नाही, एवढाच मजकूर. पहिल्या रकान्यात लिहा: ‘संबंधित दिसतात’.

प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते जेसन चेफेट्झ यांनी त्याच दिवशी ट्विट केलं आणि शेवटी दोन शब्द जोडले: ‘केस रीओपन्ड’. हा शब्द पत्रात कुठेच नाही. मथळ्यांनी मात्र तोच उचलला. दुसरा रकाना: ‘तपास पुन्हा सुरू’. २ नोव्हेंबरला फॉक्सवर निवेदक ब्रेट बेअर यांनी सूत्रांच्या हवाल्याने सांगितलं की प्रकरण आरोप ठेवण्यापर्यंत जाण्याची शक्यता आहे. ४ तारखेला ती चूक होती म्हणून त्यांनी माफी मागितली. तिसरा रकाना भरला. ६ नोव्हेंबरला कोमींचं दुसरं पत्र आलं: खटला भरू नये हा जुलैतला निष्कर्ष कायम. पाच दिवसांत ‘दिसतात’पासून थेट आरोपांपर्यंत!

कागद कुठे मिळतात? एफबीआयच्या फायली त्यांच्याच ‘व्हॉल्ट’ विभागात, संघराज्य न्यायालयांतली बरीच कागदपत्रं कोर्टलिसनरवर, प्रचाराच्या पैशांचे हिशेब एफईसी या संघराज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर. फुकट.

२. आता दुसऱ्या बाजूची तीच कसरत

हे टाळलंत तर पहिली पायरी वाया गेली. आपल्याला न आवडणाऱ्या वाहिनीची चूक कोणीही पकडतं.

१४ ऑक्टोबर २०२० ला न्यूयॉर्क पोस्टने डेमोक्रॅट उमेदवार जो बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांच्या लॅपटॉपवरच्या ईमेलची बातमी छापली. ट्विटरने तिची लिंकच अडवली, आणि दोन दिवसांत धोरण बदललं. १९ तारखेला ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांचं पत्र आलं. त्यात या प्रकाराला रशियन कारवाईची सगळी लक्षणं आहेत असं म्हटलं होतं. पण आमच्याकडे रशियाच्या सहभागाचा पुरावा नाही, हेही त्याच पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. पॉलिटिकोच्या मथळ्यात मात्र ती बातमी म्हणजे रशियन अपप्रचार ‘आहे’, असं हे अधिकारी म्हणत होते. २२ तारखेच्या वादसभेत जो बायडन यांनी याच पत्राचा आधार घेतला. ‘लक्षणं दिसतात’चं ‘आहे’ झालं. अक्षर बदलणारे हात वेगळे, युक्ती तीच.

३. घड्याळ लावा

७ ऑक्टोबर २०१६ हा दिवस एकदा तासागणिक मांडून बघा. दुपारी साडेतीनच्या सुमारास अमेरिकी सरकारने ईमेलचोरीबद्दल रशियाकडे बोट दाखवणारं निवेदन काढलं. चारच्या सुमारास वॉशिंग्टन पोस्टने ट्रम्प यांचं स्त्रियांबद्दलचं अश्लील बोलणं असलेली २००५ ची ‘अॅक्सेस हॉलिवूड’ टेप बाहेर काढली. त्यानंतर तासाभराच्या आत विकिलीक्सने क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांचे ईमेल टाकायला सुरुवात केली. या तिन्हींपैकी कशाला कोणत्या माध्यमाने किती जागा दिली, यातून त्याचा कल दिसतो.

इथे हमखास गल्लत होते ती वेळेची. वेबॅक मशीन हे संकेतस्थळ वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवतं; तिथल्या पत्त्यातला १४ आकडी शिक्का जागतिक प्रमाणवेळेत असतो. वॉशिंग्टनचे ऑक्टोबरमधले दुपारचे चार म्हणजे शिक्क्यावर २०:००, आणि आपल्याकडे रात्रीचा दीड, तोही दुसऱ्या तारखेचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं आणि साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो. याच शिक्क्यांवरून एका मथळ्याची सकाळची आणि रात्रीची प्रत शेजारी ठेवा. गुपचूप केलेली दुरुस्ती सापडते.

४. किती वेळा, हेही मोजा

प्रत्येक वाक्य खरं असूनही बातमीचा तोल जाऊ शकतो. इंटरनेट आर्काइव्हच्या टीव्ही न्यूज आर्काइव्हमध्ये वाहिन्यांच्या निवेदनाचा मजकूर शब्दाने शोधता येतो. जीडेल्टचं टीव्ही एक्स्प्लोरर प्रक्षेपणाचे १५-१५ सेकंदांचे तुकडे धरून, एखादा शब्द किती टक्के तुकड्यांत आला ते सांगतं. एकच स्पेलिंग शोधून थांबू नका. हा मजकूर घाईत उतरवलेला असतो. संध्याकाळचे मतप्रदर्शनाचे कार्यक्रम वेगळे मोजा, नाहीतर निवेदकाचं मत वार्ताहराच्या नावावर जमा होतं. वृत्तपत्रांतही तेच. वॉल स्ट्रीट जर्नलचा वृत्तविभाग आणि संपादकीय पान यांना एकाच पारड्यात टाकणं चूक.

आणि कल पक्षाचाच असतो असंही नाही. न्यूयॉर्क टाइम्सला कोणी ट्रम्पवादी म्हणणार नाही. तरी कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यूमधल्या मोजणीनुसार, २०१६ च्या मतदानापूर्वीच्या ६९ दिवसांत सगळ्या धोरणांवर मिळून त्याच्या पहिल्या पानावर जितक्या बातम्या आल्या, तितक्या क्लिंटन यांच्या ईमेलवर अवघ्या सहा दिवसांत आल्या.

५. सूत्रं मोजा, बातम्या नव्हे

पाच संकेतस्थळं एकाच वृत्ताचा हवाला देत असतील तर सूत्र एकच. हवाल्याच्या लिंकवर टिचकी मारत मुळापर्यंत जा. तिसऱ्या-चौथ्या टिचकीला बहुधा तेच पान येतं.

६. मराठीत आणताना

‘इंडिक्टमेंट’ म्हणजे ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटल्याआधी पुरावा तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ठेवलेले आरोप. त्याला ‘दोषी’ म्हणू नका, आणि आपल्याकडचा ‘एफआयआर’ही नव्हे. ट्रम्प यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये ३४ आरोप ठेवले गेले ते २०२३ मध्ये. ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं ३० मे २०२४ ला. शिक्षेचा आदेश आला १० जानेवारी २०२५ ला, आणि त्यात ना तुरुंग ना दंड. तीन तारखा, तीन क्रियापदं.

नोंदीवर तारीख घाला आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडा. लॅपटॉपच्या नोंदीखाली मार्च २०२२ मध्ये पहिली भर पडली असती: वॉशिंग्टन पोस्टने नेमलेल्या तज्ज्ञांना हजारो ईमेल अस्सल असल्याची खातरजमा करता आली, बहुतांश मजकुराची करता आली नाही. दुसरी भर जून २०२४ मध्ये, तोच लॅपटॉप हंटर यांच्यावरच्या खटल्यात पुरावा म्हणून समोर आला तेव्हा.