क्रूझर सायकलला किती दात्यांचं स्प्रॉकेट लावायचं?

एकाच गिअरची क्रूझर सपाट रस्त्यावर मस्त पळते आणि पहिल्याच उड्डाणपुलावर मांड्या भरून येतात. बऱ्याचदा यात चालवणाऱ्याच्या दमाचा दोष नसतो. पुढे पायडलपाशी ४४ दात्यांचं चेनव्हील आणि मागच्या चाकावर १८ दात्यांचं स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) ही क्रूझरवर नेहमी दिसणारी जोडी चढासाठी जडच आहे. या सायकलींचा घाट अमेरिकेतला. १९३३ साली श्विन कंपनीने तिथे फुगीर बलून टायरची सायकल बाजारात आणली, आणि पुढे ही सायकल समुद्रकिनाऱ्यावरच्या सपाट रस्त्यांवर रमली. वजन १६ ते २० किलो, टायर जाड, हँडल रुंद आणि सीट मागे. अशा बैठकीत उभं राहून अंगाचं वजन पायडलवर टाकणं अवघड जातं.

म्हणून क्रूझरचा गिअर ठरवताना कमाल वेग बघू नका. रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चढ, किंवा समोरून येणारा वारा, बसल्या बसल्या निघतो का एवढंच बघा.

आधी मोजा

पुढचे आणि मागचे दाते मोजा. सुरुवातीच्या दात्यावर खडूने खूण करा, नाहीतर एखादा दाता हमखास चुकतो. मग टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर रेघ मारा, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा घेर. २६ × २.१२५ टायरला तो साधारण २.०७ मीटर भरतो.

पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा आणि घेराने गुणा. पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळेल. पुढे ४४ धरून हिशेब असा:

मागे १६: ५.६९ मीटर, मिनिटाला ६० फेऱ्यांना ताशी २०.५ किमी
मागे १८: ५.०६ मीटर, ताशी १८.२ किमी
मागे २०: ४.५५ मीटर, ताशी १६.४ किमी
मागे २२: ४.१४ मीटर, ताशी १४.९ किमी

१८ वरून २२ वर गेलं तर त्याच फेऱ्यांना वेग ताशी सव्वातीन किलोमीटरने उतरतो. पण पायाला लागणारा जोरही जवळपास अठरा टक्क्यांनी कमी होतो. क्रूझरवर हा सौदा बहुतेकांना परवडतो.

आता तुमच्या चढावर जा. नेहमीच्या वेगाने चढताना उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. ४० च्या खाली आकडा आला तर गिअर जड आहे, आणि गुडघ्यांना त्याचा त्रास होतोच. सपाट रस्त्यावर ५५ ते ७० फेऱ्या ठीक. ८५ च्या वर गेलात आणि सीटवर उड्या बसायला लागल्या तर गिअर फार हलका आहे.

नवीन स्प्रॉकेट काढायचं सूत्र सोपं आहे: आत्ताचे मागचे दाते गुणिले हव्या त्या फेऱ्या, भागिले आत्ताच्या फेऱ्या. १८ दाते आहेत, चढावर ३६ फेऱ्या पडतात आणि ४४ हव्यात, तर १८ × ४४ ÷ ३६ म्हणजे बरोबर २२. उत्तर अपूर्णांकात आलं आणि तुमच्या वाटेवर चढ जास्त असतील तर वरचा आकडा घ्या.

पुढचं बदलायचं की मागचं?

मागचं. ते स्वस्त पडतं, काम कमी आणि चेनकव्हरला हात लावावा लागत नाही. ३६/१८ आणि ४४/२२ यांचं गुणोत्तर एकच, २. पण मोठ्या दातेरी चाकांवर चेनचा ताण कमी येतो, तो जास्त दात्यांवर वाटला जातो आणि झीज हळू होते. शिवाय ३६ चं चेनव्हील ४४ पेक्षा त्रिज्येत १६ मिमीने लहान असतं, त्यामुळे चेनकव्हरच्या आत ते विचित्र दिसतं. पुढचं बदलावं ते मागे २२ लावूनही चढ निघत नसेल तेव्हाच.

पुढचं बदलताना क्रँक एकसंध (दोन्ही पायडलचे दांडे एकाच सळईचे) असेल तर आधी डावं पायडल काढा. ते उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने सुटतं. त्याच बाजूचा लॉकनट आणि कोनही (छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा नट) उलट्या आट्यांचेच, तेही घड्याळाच्या दिशेनेच सुटतात. मग क्रँक उजवीकडून बाहेर सरकतो. इथे सवयीने उलट्या दिशेला जोर लावला की आटे जातात.

मागचं स्प्रॉकेट बदलताना

फ्रीव्हील (पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारं स्प्रॉकेट) असेल तर ते आट्यांवर बसतं आणि तुमच्याच पायडल मारण्याने घट्ट होत जातं. ते काढायचं हत्यार, म्हणजे पुलर, त्याच्या खाचांत नीट बसवून एक्सलच्या नटने हलकेच दाबून धरा, पुलर व्हाइसमध्ये पकडा आणि चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. सुटल्याबरोबर नट ढिला करा. नवीन फ्रीव्हील हाताने, ग्रीस लावून चढवा.

मागे पायडल मारून लागणारा कोस्टर ब्रेक असेल तर चाक काढण्याआधी फ्रेमला बांधलेल्या ब्रेक आर्मची पट्टी सोडवा. स्प्रॉकेट सर्क्लिपने (स्प्रिंगसारख्या उघड्या कडीने) अडकवलेलं असतं. डोळ्यांवर चष्मा असू द्या, सर्क्लिप उडते. आतल्या कडेला तीन जिभा असलेलं स्प्रॉकेट शिमानो आणि स्टर्मी-आर्चर दोन्हींच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) चालतं. स्प्रॉकेटला थोडा खोलगटपणा असतो, म्हणून काढण्याआधी तो आत होता की बाहेर हे बघून ठेवा. उलटं बसवलं तर चेन तिरकी चालते, घासते आणि पडते.

चेनची रुंदीही तपासा. एक अष्टमांश इंची स्प्रॉकेटवर तीन बत्तिसांश इंची चेन बसतच नाही. उलट मात्र चालतं.

चेनच्या लांबीचं गणित इथे कामी येतं. मागचा एक दाता वाढला की त्याच चेनवर एक्सल सुमारे ३.२ मिमी पुढे सरकतो. दोन दात्यांना ६.४ मिमी, एवढी जागा बहुतेक फ्रेमच्या खाचेत असते. चार दाते वाढवले तर सरक १२.७ मिमी, आणि आतली-बाहेरची मिळून एक जोडी कडी चेनमध्ये वाढवली की एक्सल बरोबर जुन्याच जागी येतो. म्हणजे १८ वरून २२ ला जाताना एक जोडी कडी आणि चेन लॉक आधीच घेऊन ठेवा.

पण जुनी चेन झिजलेली असेल तर जोडू नका, बदला. तिच्यावर २४ कड्यांचं अंतर नवीन असताना ३०४.८ मिमी असतं. ते ३०८ च्या आसपास आलं असेल तर ती चेन नव्या स्प्रॉकेटवर दात्यांच्या वर चढते, आणि जोर लावला की घसरते. दोष नव्या भागाला दिला जातो, तो चेनचा असतो.

तीन गिअरचा हब असेल तर

शिमानो नेक्सस ३ मध्ये पहिला गिअर ०.७३३ पट, दुसरा सरळ, तिसरा १.३६४ पट. ४४/२० वर पहिल्याला ३.३४ मीटर आणि तिसऱ्याला ६.२१ मीटर मिळतात. ४४/२२ वर ३.०३ आणि ५.६५. तिसरा गिअर कधीच वापरात येत नसेल तर २२ लावा. मग सपाटीवर तिसरा उपयोगी पडतो आणि चढाला पहिला खरंच हलका होतो.

बसवल्यावर

चेनच्या मधोमध वर-खाली १० ते १२ मिमी खेळ हवा. क्रँक पूर्ण फिरवून बघा, चेनव्हील किंचित लंबगोल असतं आणि एका जागी चेन घट्ट होते. खेळ त्या घट्ट जागेला मोजा, नाहीतर हबचे आणि क्रँकचे छर्रे लवकर जातात. जास्त सैल ठेवलीत तर खड्ड्यात चेन उतरेल. कोस्टर ब्रेकवाल्यांनी हे विशेष जपावं, कारण चेन उतरली की मागचा ब्रेकही गेला. पुढचा हाताचा ब्रेक नसेल तर बसवून घ्या. मोठ्या स्प्रॉकेटचा एक फायदाही आहे: १८ च्या जागी २२ लावल्यावर पायाच्या तेवढ्याच जोरात कोस्टर ब्रेक सुमारे बावीस टक्के जास्त लागतो. पहिले काही दिवस पाय जरा हळू मागे दाबा, ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊन सायकल आडवी जाते.

चाक फ्रेममध्ये मधोमध आहे, ब्रेक आर्मची पट्टी बांधली आहे आणि एक्सलचे दोन्ही नट घट्ट आहेत, हे बघूनच सायकल काढा. वीसएक किलोमीटर चालवल्यावर चेनचा खेळ आणि दोन्ही नट पुन्हा तपासा.